किल्ली कोणाच्या हातात द्यायची?

पत्र

ताई, नमस्कार. इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये आमचा दोन बेडरूमचा लीजहोल्ड (लांब मुदतीच्या पट्ट्यावरचा) फ्लॅट आहे. नवऱ्याची बदली तीन वर्षांसाठी सिंगापूरला झालीय, सहा आठवड्यांत निघायचंय. फ्लॅट विकायचा नाही, परत आलो की तिथेच राहायचंय. तोवर भाड्याने देऊ म्हणतो. दोन लेटिंग एजंट घर बघून गेले. पहिला म्हणाला, महिना १,५५० पौंड सहज येतील, फी ९ टक्के. दुसऱ्या एजन्सीची बाई म्हणाली, १,४०० धरून चला, फी १२ टक्के. नवऱ्याचा इथला मित्र म्हणतो, "एजंटला कशाला पैसे घालता? मी आहे ना. भाडं माझ्या खात्यात घेतो आणि तुम्हाला पाठवतो." नवऱ्याचा कल मित्राकडे, माझा पहिल्या एजंटकडे. आमची अट एकच, घरात मांस शिजू नये. म्हणून आपल्याकडचंच कुटुंब मिळालं तर बरं. ते किचन आम्ही दोघांनी मिळून केलंय, टाइल्ससुद्धा स्वतः लावल्यात. कोणाला निवडू?
– एक वाचक, रेडिंग

उत्तर

तुमच्या पत्रातली टाइल्सची ओळ मी दोनदा वाचली. ज्या घरात आपले हात लागलेत ते परक्याच्या ताब्यात देताना पोटात कालवतंच. मीही माझं घर बरीच वर्षं भाड्याने दिलेलं आहे आणि पहिला एजंट निवडताना चुकले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. तिघांपैकी मला त्या दुसऱ्या बाई बऱ्या वाटतात. पण त्यांनाही लगेच होकार देऊ नका, काही गोष्टी पारखून घ्या. त्या कोणत्या, ते पुढे येईलच.

सुरुवात पैशांपासून करू, कारण तुमचा कल पहिल्याकडे झुकलाय तो आकड्यांमुळे. ९ टक्के म्हणजे व्हॅट धरून की व्हॅट सोडून? इंग्लंडमध्ये एजंटने आपली फी ऑफिसात आणि वेबसाइटवर करासकट लावणं बंधनकारक आहे, पण तोंडी सांगताना व्हॅट गाळून सांगायची सवय पुष्कळांना असते. २० टक्के व्हॅट चढला की ९ चे १०.८ होतात. १,५५० वर १०.८ टक्के म्हणजे महिना १६७ पौंड ४० पेन्स. बाईंचे १२ टक्के जर व्हॅटसकट असतील, तर १,४०० वर होतात १६८ पौंड. म्हणजे तुमच्या खिशातून जाणारी रक्कम जवळजवळ सारखीच. दोघांनाही आजच एका ओळीचा ईमेल करा: "व्हॅटसकट नेमके किती टक्के आणि त्यात काय काय येतं?" उत्तर लेखीच घ्या.

आता भाडं. १,५५० आणि १,४०० मध्ये वर्षाला १,८०० पौंडांचा फरक पडतो, ही काही लहान रक्कम नाही. पण चढा आकडा सांगून घर आपल्याकडे ओढायचं आणि चार आठवड्यांनी "मार्केट जरा थंड आहे, थोडं खाली येऊ या" असा फोन करायचा, हा या धंद्यातला जुना प्रकार आहे. १,४०० च्या हिशेबाने सहा आठवडे घर रिकामं राहिलं तर सुमारे १,९४० पौंड बुडतात. वर्षभराची ती जादा कमाई तिथेच संपते, आणि त्या सहा आठवड्यांचा कौन्सिल टॅक्स आणि बिलं तुमच्याच नावावर येतात. त्यात नव्या रेंटर्स राइट्स अॅक्टनुसार १ मे २०२६ पासून जाहिरातीत लिहिलेल्या भाड्यापेक्षा जास्तीची बोली मागता येत नाही आणि कोणी आपणहून देऊ केली तरी घेता येत नाही. त्यामुळे काही एजंट मुद्दाम वरचा आकडा लावून बघतील आणि मग उतरत येतील. तुम्ही सहा आठवड्यांत विमानात बसणार आहात, हा जुगार तुम्हाला परवडणारा नाही. पहिल्या एजंटला विचारा, "गेल्या तीन महिन्यांत याच भागात तुम्ही स्वतः भाड्याने दिलेले दोन बेडरूमचे तीन फ्लॅट दाखवा. जाहिरातीतलं भाडं किती होतं, शेवटी किती ठरलं, किती दिवस लागले?" आकडे दाखवले तर त्याचं म्हणणं खरं माना. तेव्हा मीही माझं मत बदलेन.

आता मित्राबद्दल, कारण घरात वाद होईल तो इथेच. मित्र चांगला असेल, त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण तुम्ही वर्षातले सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ देशाबाहेर राहणार, म्हणजे एचएमआरसीच्या (ब्रिटनच्या करखात्याच्या) दृष्टीने तुम्ही अनिवासी घरमालक. अशा मालकाचं भाडं जो गोळा करतो, त्याने २० टक्के कर कापून दर तिमाहीला एचएमआरसीकडे भरायचा असतो. आणि एचएमआरसीच्या व्याख्येत 'लेटिंग एजंट' म्हणजे फक्त पाटी लावून बसलेला धंदेवाला नाही. भाडं स्वतःच्या खात्यात घेऊन पुढे पाठवणारा मित्र किंवा नातेवाईकसुद्धा त्यात बसतो. म्हणजे चांगुलपणाने पुढे आलेल्या माणसाच्या डोक्यावर नोंदणी, तिमाही हिशेब, वार्षिक रिटर्न असं सगळं येऊन बसणार. त्याला हे माहीत आहे का? मला वाटतं, नसावं. शिवाय रात्री अकराला पाणी गळायला लागलं तर तो जाईल. दोनदा जाईल, तिसऱ्यांदाही जाईल. चौथ्या वेळी त्याच्या बायकोच्या कपाळावर आठी पडेल, आणि तुम्ही सिंगापूरहून फोन करताना अवघडून जाल. तीन वर्षं लांब असतात हो.

तो कर कापला जाऊ नये यासाठी एनआरएल१ (नॉन-रेसिडेंट लँडलॉर्ड, म्हणजे अनिवासी घरमालक) नावाचा फॉर्म आहे. मंजुरी मिळाली की एजंट न कापता पूर्ण भाडं तुम्हाला पाठवू शकतो. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर दोघांनी वेगवेगळा अर्ज करायचा. एकाचा मंजूर झाला म्हणून दुसऱ्याचा होत नाही. मंजुरी म्हणजे करमाफी नव्हे, दरवर्षीचं सेल्फ असेसमेंट, म्हणजे आपलं कर विवरणपत्र, भरायचंच आहे. पण दर महिन्याला हातात काय येणार, त्यात मोठा फरक पडतो, विशेषतः मॉर्गेजचा हप्ता त्याच भाड्यातून जाणार असेल तर. हा फॉर्म निघायच्या आधीच भरा. आणि एजंट निवडताना हा पहिला प्रश्न ठेवा: "आम्ही अनिवासी मालक होणार. तुम्ही काय कराल?" जो एजंट लगेच एनआरएल, तिमाही भरणा, वर्षाखेरचं प्रमाणपत्र असं बोलायला लागेल, त्याच्याकडे असे मालक आधीपासून आहेत. जो गोंधळेल किंवा "त्याचं बघू नंतर" म्हणेल, त्याच्याकडे नसावेत.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा, कारण तुम्हाला परत येऊन त्याच घरात राहायचंय: "तीन वर्षांनी घर आम्हाला कसं परत मिळेल?" जुन्या सवयीचा एजंट म्हणेल, सेक्शन २१ ची दोन महिन्यांची नोटीस देऊ की. ते आता संपलं. १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये कारण न देता घर रिकामं करून मागता येत नाही. ठरावीक मुदतीचा करारही राहिला नाही. भाडेकरार महिन्यामागून महिना चालूच राहतो, आणि भाडेकरू दोन महिन्यांची नोटीस देऊन केव्हाही जाऊ शकतो. मालकाला स्वतः राहायला यायचं असेल तर ते कायद्यात मान्य कारण आहे, पण त्यासाठी चार महिन्यांची नोटीस लागते आणि भाडेकरार सुरू झाल्यापासून पहिल्या वर्षात या कारणाने घर परत मिळत नाही. त्यातून भाडेकरू उठलाच नाही तर कोर्टात जावं लागतं, त्याला लागेल तेवढा वेळ वेगळा. याचा अर्थ सिंगापूरची नोकरी अचानक आठ महिन्यांत आटोपली तर तुम्हाला तुमच्याच घरात लगेच शिरता येणार नाही. दोघांनी बसून याचा नीट विचार करा, आणि परतायची तारीख ठरली की नोटिशीचे दिवस मागे मोजा. एजंटकडून तुम्हाला हे न विचारता ऐकायला मिळालं पाहिजे. विचारल्यावरही सांगता येत नसेल तर त्याच्या हातात किल्ली देऊ नका.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. इंग्लंडमध्ये लेटिंग एजंट व्हायला परवाना लागत नाही. वेल्समध्ये लागतो, स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी लागते. इंग्लंडमध्ये मात्र आज दुकान भाड्याने घेऊन उद्या पाटी लावता येते. म्हणून जे काही बंधनकारक आहे ते तपासायचं काम आपलंच. त्यात दोन गोष्टी येतात. एक, क्लायंट मनी प्रोटेक्शन: भाड्याचे पैसे हाताळणाऱ्या एजंटला १ एप्रिल २०१९ पासून हे संरक्षण घ्यावंच लागतं, म्हणजे उद्या त्याने पैसे बुडवले तर भरपाईची सोय असते. दुसरी, तक्रार निवारण योजनेचं सभासदत्व: प्रॉपर्टी ओम्बड्समन किंवा प्रॉपर्टी रिड्रेस, दोघांपैकी एक. प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलं दिसेल. त्यावर विसंबू नका. घरी येऊन त्या योजनेच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव शोधा. आणि पाटीवरचं नाव नव्हे, करारावर जे छापलंय ते नाव शोधा. कधीकधी दोन्ही वेगळी असतात. प्रॉपर्टीमार्क किंवा सेफएजंट यांसारख्या संस्थेचं सभासदत्व ऐच्छिक असतं. ते असलं म्हणजे माणूस भला, असं नाही, पण निदान कोणीतरी त्याचे हिशेब बघतं.

माझी स्वतःची चूक इथेच झाली होती. माझा पहिला एजंट बोलायला गोड, पहिल्याच आठवड्यात भाडेकरू आणला. मी खूश. भाडेकरूचं डिपॉझिट मान्यताप्राप्त योजनेत ३० दिवसांच्या आत ठेवावं लागतं, हे मला माहीत होतं. पण ते ठेवलं का, हे मी विचारलंच नाही. भाडेकरू सोडून जाताना कळलं की डिपॉझिट कितीतरी महिने एजंटच्या खात्यातच पडून होतं. कायद्यात दंड डिपॉझिटच्या एकपट ते तिप्पट आहे, आणि भाडेकरूने दावा लावला तो माझ्यावर, कारण घरमालक मी. एजंटने दिलगिरीचं एक पत्र पाठवलं. तेव्हापासून माझा नियम आहे: डिपॉझिट कोणत्या योजनेत ठेवलं, त्याचा क्रमांक काय आणि भाडेकरूला माहितीपत्रक कोणत्या तारखेला दिलं, हे तिन्ही मला महिन्याच्या आत कागदावर हवं. तुमच्या बाबतीत १,४०० पौंड भाड्यावर पाच आठवड्यांचं डिपॉझिट म्हणजे सुमारे १,६१५ पौंड, आणि त्याहून जास्त घेता येत नाही. हा दंड किती होईल, तुम्हीच हिशेब करा.

जबाबदारी आपली आणि काम एजंटचं, हे सगळीकडेच असंच आहे. गॅस सेफ्टीची तपासणी दरवर्षी, विजेच्या वायरिंगची निदान दर पाच वर्षांनी, एनर्जी सर्टिफिकेट दहा वर्षांचं आणि दर्जा निदान ई, प्रत्येक मजल्यावर स्मोक अलार्म. या तारखा कोण सांभाळणार? "आम्ही सांभाळतो" हे उत्तर पुरेसं नाही. "आमच्या सिस्टीममध्ये आहे, मुदतीच्या सहा आठवडे आधी इंजिनियर बुक होतो, सर्टिफिकेट तुम्हाला ईमेल होतं" हे उत्तर. भाडेकरूला देशात राहायचा हक्क आहे की नाही, ती राइट टू रेंटची तपासणीही एजंटने आपल्या जबाबदारीवर करायची, असं करारात स्पष्ट लिहून घ्या. नाही लिहिलं तर ती तुमच्याकडे राहते, आणि दंड पहिल्याच चुकीला दर माणशी दहा हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतो.

आता तुमच्या अटीबद्दल. मला माहीत आहे, ती तुम्ही वाईट मनाने घातलेली नाही. पण "आपल्याकडचंच कुटुंब हवं" असं एजंटला सांगितलं तर तो वंशावरून केलेला भेदभाव ठरतो, २०१० च्या इक्वॉलिटी अॅक्टखाली बेकायदा. २०१७ मध्ये केंटमधल्या एका मोठ्या घरमालकाने भारतीय आणि पाकिस्तानी भाडेकरूंना घर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. कारण काय, तर भाडेकरू गेल्यावर मागे करीचा वास राहतो. समानता आयोग कोर्टात गेला आणि मेडस्टोनच्या कोर्टाने त्या घरमालकाला असं करायला मनाई केली. तेव्हा आपल्याला सगळ्यांना किती बरं वाटलं होतं! आपल्या फोडणीच्या बाजूने उभा राहिलेला तो कायदा दुसऱ्याच्या कढईच्या बाजूनेही उभा आहे, आणि मला ते योग्यच वाटतं. नव्या कायद्यानुसार मुलं आहेत म्हणून किंवा सरकारी भत्ता मिळतो म्हणून सरसकट नकारही देता येत नाही. तुम्हाला किचन स्वच्छ राहायला हवंय ना? मग ते मागा: घर सोडताना व्यावसायिक दर्जाची स्वच्छता, चिमणीचा फिल्टर, ओव्हन, टाइल्सच्या फटी, सगळं घेताना होतं तसं. ही अट रास्त आहे आणि तिच्यावर बोट ठेवता येतं. या बाबतीत तुमची पहिली अट ऐकून जो एजंट "हो हो, आपलेच लोक बघू" म्हणेल, त्याला तिथेच बाद करा. तुमच्यासाठी कायदा वाकवायला जो तयार आहे तो तुमच्याविरुद्धही वाकवेल. दुसऱ्या बाईंना तुम्ही हे बोलला होतात का, आणि त्या काय म्हणाल्या, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं.

करार हातात आला की शेवटून वाचायला घ्या. सोडण्याचं कलम आधी. एजंट नको झाला तर किती महिन्यांची नोटीस? सुरुवातीला किती महिने बांधलेले राहणार? आणि सगळ्यांत लपलेलं कलम: "आम्ही आणलेला भाडेकरू घरात आहे तोवर फी चालू राहील." म्हणजे एजंटला काढलं तरी त्याला पैसे चालूच. याच्या जोडीला रिन्यूअल फी असायची, दरवर्षी करार नवा झाला की पुन्हा फी. २००९ मध्ये हायकोर्टाने लंडनच्या एका मोठ्या एजन्सीची अशी कलमं ग्राहकांवर अन्यायकारक ठरवली होती, कारण ती बारीक अक्षरांत दडलेली होती. आता तर ठरावीक मुदतीचे करारच नाहीत, तेव्हा नव्याने करण्यासारखं काही उरत नाही. तुमच्यासमोर आलेल्या कागदात रिन्यूअल फी दिसली तर तो मसुदा जुना आहे एवढं ओळखा आणि खोडून मागा. भाडेकरूने पुढे घर विकत घेतलं तर एजंटला कमिशन, असंही एक कलम असतं. तुम्हाला विकायचंच नाही, म्हणून तेही खोडा.

मग दुरुस्त्यांचं. इथे मला जरा थांबायचंय, कारण घरं खराब होतात ती इथे.

माझ्या दुसऱ्या भाडेकरूच्या वेळी बाथरूमचा एग्झॉस्ट फॅन बंद पडला. बाई शहाणी होती, तिने एजंटला तीनदा ईमेल केला. एजंटने तो माझ्यापर्यंत पोहोचवलाच नाही. तिमाही तपासणीचा कागद मात्र वेळच्या वेळी यायचा, प्रत्येक खोलीपुढे 'ठीक' असं लिहिलेलं, फोटो दाराशी उभं राहून काढलेले. दोन वर्षांनी मी घरी गेले आणि बाथरूमला लागून असलेल्या खोलीतलं कपाट पुढे ओढलं, तर मागची भिंत जमिनीपासून गुडघ्यापर्यंत काळी. प्लास्टर बोटाने निघत होतं. फॅन बदलायला फारसा खर्च आला नसता. भिंत खरवडून, वाळवून, परत करायला माझं तीन महिन्यांचं भाडं गेलं, आणि ती बाई दोन हिवाळे त्या ओलीत राहिली याची टोचणी वेगळी. नंतर तिने ते तीन ईमेल मला दाखवले.

म्हणून एजंटला हे विचारा: भाडेकरूची तक्रार आली की ती मला त्याच दिवशी दिसेल का? पुष्कळ एजन्सींकडे आता ऑनलाइन पोर्टल असतं, त्यात मालकालाही प्रत्येक तक्रार दिसते. ते असेल तर उत्तम. मला न विचारता किती पौंडांपर्यंत दुरुस्ती कराल? ही मर्यादा फार खाली ठेवू नका. सिंगापूर आणि रेडिंगमध्ये सात-आठ तासांचं अंतर आहे, तुम्ही झोपलेल्या असताना बॉयलर बंद पडला तर भाडेकरूने थंडीत का बसायचं? मी २५० पौंडांची मर्यादा देते, त्याच्या वर दोन कोटेशन मागते. कामगाराच्या बिलावर एजन्सी स्वतःचे किती टक्के चढवते? हे थेट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. थोडं घेत असतील तर घेऊ देत, पण मूळ बिल मला दिसलं पाहिजे. तपासणीचे फोटो खिडक्यांच्या कडा, सिंकखालचं कपाट, बाथरूमचं छत असे हवेत. हे नीट करणारा एजंट दीड टक्का जास्त घेत असेल तर आनंदाने द्या.

आणि घरात कोणी शिरायच्या आधी इन्व्हेंटरी, म्हणजे घरातल्या वस्तूंची आणि त्यांच्या स्थितीची नोंद. एजंटच्या माणसाने अर्ध्या तासात केलेली नको, स्वतंत्र इन्व्हेंटरी क्लार्क बोलवा. तुमच्या टाइल्सचा प्रत्येक भिंतीचा फोटो. हाताने लावल्यात म्हणजे कोपऱ्यातली एखादी किंचित तिरकी बसली असेल, तिचाही जवळून घ्या, म्हणजे उद्या तिचा ठपका भाडेकरूवर येणार नाही आणि खरंच काही फुटलं तर वादही होणार नाही. डिपॉझिटच्या वादात योजनेचा पंच कागद आणि फोटो बघतो, कोणाचं मन किती दुखलं ते बघत नाही. साधी झीज मात्र सोडून द्यायला शिका. तीन वर्षांत ओट्यावर चार ओरखडे येणार.

एजंटची पारख ऑफिसात बसून होत नाही. भाडेकरू बनून फोन करा: "तुमच्या अमुक जाहिरातीतला फ्लॅट बघायचाय." किती वेळा रिंग वाजते, कसं बोलतात, परत फोन करतात का. मालकांशी सगळेच गोड बोलतात. ऑनलाइन मतं वाचताना भाडेकरूंची वाचा, त्यातही दुरुस्ती आणि डिपॉझिट हे शब्द शोधा. तुमच्या घराचं काम प्रत्यक्ष कोण बघणार, त्या व्यक्तीला भेटवा म्हणून सांगा. घर दाखवायला येतो तो माणूस वेगळा आणि नंतर फोन उचलतो तो वेगळा, हे बहुतेक ठिकाणी असतं. ती व्यक्ती त्या ऑफिसात किती वर्षं आहे, तिच्याकडे किती घरं आहेत, सुट्टीवर गेली तर कोण. परदेशी राहणाऱ्या त्यांच्या एखाद्या मालकाशी बोलायला मिळेल का, तेही विचारा. चांगल्या एजंटला यात अडचण वाटत नाही.

उरलं थोडं, पण ते आजच करा. मॉर्गेज असेल तर बँकेची भाड्याने द्यायची परवानगी, लीजहोल्ड आहे म्हणून फ्रीहोल्डरची (इमारतीच्या मूळ मालकाची), आणि घरमालकाचा विमा. साधा घरगुती विमा भाडेकरू असताना उपयोगाचा नाही. परवानग्यांना आठवडे लागतात. भाडेकरूला मालकाच्या नावाने नोटीस पाठवता यावी म्हणून त्याला इंग्लंड किंवा वेल्समधला पत्ता द्यावा लागतो, तो एजंटचा चालतो. तो दिला नाही तर तोवर भाडं देय होत नाही, म्हणून ही ओळ करारात आहे ना ते बघा. तुमच्या भागात कौन्सिलचं लायसन्स लागतं का, तेही कौन्सिलच्या वेबसाइटवर बघून घ्या.

आणि त्या मित्राला दुखवू नका. भाड्याचं काम त्याच्यावर नको, पण फ्लॅटची एक जादा किल्ली त्याच्याकडे राहू द्या आणि एजंटला तसं लेखी कळवा. भाडेकरू बदलताना मध्ये घर रिकामं असेल, तेव्हा त्याला एकदा जाऊन यायला सांगा. कपाटं पुढे ओढून भिंती बघायला सांगा.